वाचकांचे प्रश्न : समुद्रातल्या महाकाय पवनचक्क्या

प्रश्न : साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर लहान पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. मग समुद्रात एकेक पवनचक्की १५ मेगावॉटची कशासाठी? लहान पण जास्त बसवल्या तर दुरुस्ती सोपी नाही का?

उत्तर : समुद्रात यंत्रापेक्षा त्याच्या भोवतीचा खर्च डोईजड होतो. दर पवनचक्कीमागे समुद्रतळात ठोकायचा पोलादी खांब, केबलची जोडणी, तळावर पाय रोवून उभे राहणारे क्रेनचे जहाज आणि पुढे पंचवीसेक वर्षे तंत्रज्ञांच्या फेऱ्या. यंत्र निम्मे केले म्हणून हे सगळे निम्मे होत नाही.

डेन्मार्कमध्ये व्हिंडेबीला १९९१ साली जगातले पहिले समुद्री पवनक्षेत्र सुरू झाले. ४५० किलोवॉटच्या ११ पवनचक्क्या, सगळ्या मिळून जेमतेम ५ मेगावॉट. त्याच देशात ऑस्टरील्डला डिसेंबर २०२२ मध्ये वेस्टास या कंपनीची १५ मेगावॉटची चाचणी पवनचक्की वीज देऊ लागली. तिचे पाते ११५.५ मीटर लांब, पात्यांच्या चक्राचा व्यास २३६ मीटर. ती एकटी तीन व्हिंडेबींच्या बरोबरीची! व्यास दुप्पट झाला की पात्यांच्या कवेत येणारे क्षेत्रफळ चौपट होते. सारी धाव त्यासाठी आहे.

प्रश्न : एवढे लांब पाते मोडत कसे नाही?

उत्तर : कधीकधी मोडते. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेत नँटकेट बेटाजवळच्या समुद्रात १०७ मीटरचे एक पाते मोडले आणि फोमचे तुकडे किनाऱ्याला लागले. कारखान्यात चिकटवणीचे काम अपुरे झाले होते, आणि ते तपासणीतही सुटले होते.

पाते आतून पोकळ असते. काचतंतूंचे थर, मध्ये बाल्सा लाकूड किंवा फोम, आणि लांबीभर कार्बनतंतूंचा कणा. साच्यात हे थर रचून, हवा काढून घेऊन रेझिन, म्हणजे नंतर घट्ट होणारा चिकट द्रव, शोषवतात. मग दोन कवचे आणि आतल्या उभ्या भिंती चिकटवतात. तंतूंना एखादी सुरकुती पडली, रेझिन न पोहोचलेला कोरडा ठिपका राहिला, किंवा चिकटवणीच्या रेषेत पोकळी राहिली, की भेग तिथूनच सुरू होते. कारण प्रत्येक फेऱ्यात पात्याचे वजन एकदा एका कडेवर ताण देते, एकदा दुसऱ्या. मिनिटाला ८ फेरे धरले तर वर्षाला ४२ लाख वेळा. लहान पात्यात खपून जाणारी चूक इथे खपत नाही, कारण लांबीबरोबर ताकद वाढते त्याहून वेगाने वजन वाढते. आकार वाढवण्याच्या घाईत तपासणीला वेळ कमी मिळाला, तर त्याची किंमत भर समुद्रात मोजावी लागते. आमच्या मते आजचा सर्वांत मोठा धोका हाच आहे.

वाऱ्याने पाते मनोऱ्याकडे वाकते. ते मनोऱ्यावर आदळू नये म्हणून साच्यातच त्याला उलट दिशेचा बाक देतात आणि चक्राचा आसही काही अंश वर कलता ठेवतात.

दुसरा शत्रू पाऊस. वरच्याच हिशेबाने पात्याचे टोक ताशी साडेतीनशे किलोमीटरने फिरते. त्या वेगाला थेंब खड्यासारखा लागतो. पुढची कड आधी खरखरीत होते, मग लेप सोलतो, शेवटी थर उघडे पडतात. खरखरीत कडेमुळे वीज घटते, म्हणून झीज थरापर्यंत जाण्याआधीच लेप लावायला हवा. अडचण अशी, की दोरीवर लटकून करायच्या या कामाला पाते कोरडे लागते आणि वारा मंद. ओलसर पृष्ठभागावर लेप धरत नाही. वर्षभरात असे दिवस मोजकेच मिळतात.

प्रश्न : गिअरबॉक्स असलेली पवनचक्की चांगली की नसलेली?

उत्तर : दोन्ही चालतात. गिअरबॉक्स म्हणजे चक्राचा संथ वेग जनित्रासाठी (वीज तयार करणाऱ्या यंत्रासाठी) वाढवणारी दातेरी चाकांची पेटी. सीमेन्स गमेसा या कंपनीच्या मोठ्या समुद्री पवनचक्क्यांत गिअरबॉक्स नाही. बिघडणारा एक मोठा भाग कमी होतो, पण जनित्र संथ फिरते म्हणून ते अवाढव्य व्यासाचे करावे लागते आणि निओडिमियम या धातूची चुंबके बरीच जास्त लागतात. वेस्टासच्या १५ मेगावॉटच्या यंत्रात मध्यम वेगाचा गिअरबॉक्स आहे. जनित्र आटोपशीर होते, चुंबके कमी लागतात. मात्र तेल आणि बेअरिंगवर नजर ठेवावी लागते.