बाबा माजी सैनिक आणि कबड्डीचे गडी होते. वर्षश्राद्धाला गावात त्यांच्या नावाने सामने आणि जीवनपट-वाचन कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की बाबा १९७१ च्या लढाईत होते, गावच्या चमूत कबड्डी खेळायचे, आणि आता सामन्यांआधी त्यांचा जीवनपट वाचायचा आहे. जीवनपटाचं आधी सांगतो. मैदान चुकलं तर पुन्हा आखता येतं, बॅनर चुकला तर गावभर दिसतो.

घरातलं डिस्चार्ज बुक शोधा. सैन्य क्रमांक, भरती-निवृत्तीच्या तारखा, शेवटचा हुद्दा, पदकं सगळं त्यात असतं. आपल्याकडे फौजेतून आलेल्या कुणालाही गाव 'मेजर' म्हणते. म्हणू द्या, पण छापू नका. मेजर हा अधिकाऱ्याचा हुद्दा आहे. बाबा हवालदार असतील तर 'हवालदार' लिहून पुढे नाव आणि कंसात सेवानिवृत्त. घरी वृद्धापकाळाने गेलेल्या माणसाला 'शहीद'ही लिहू नये. पुस्तक सापडत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून त्यांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. गार्ड्सचं कामठीला, महारचं सागरला, मराठाचं बेळगावला. मूळ पुस्तक बॅनरवाल्याच्या हाती मुळीच देऊ नका, आईच्या पेन्शनच्या कामात ते लागतं. मोबाइलवर फोटो काढून तो द्या.

पदकांची नावं नीट वाचा. 'पूर्वी स्टार' म्हणजे पूर्व आघाडी, 'पश्चिमी स्टार' म्हणजे पश्चिम. पेटीत पूर्वी स्टार आणि भाषणात पश्चिम आघाडीवरचं लोंगेवाला, असं झालं आणि समोर दुसरा माजी सैनिक बसलेला असला तर घरच्यांना खाली मान घालावी लागते. 'संग्राम पदक' दोन्हीकडच्यांना मिळालं, त्यावरून आघाडी ठरवू नका. नाव आणि क्रमांक पदकाच्या कडेवर असतात, स्टारच्या मागच्या बाजूला. भांड्यांच्या पावडरीने घासलं तर कोरलेली अक्षरं झिजतात. कोरडं सुती फडकं पुरे.

जीवनपट चार मिनिटांचा, म्हणजे चारेकशे शब्दांचा. खेळाडू अंग तापवून उभे असतात. 'क्रीडाप्रेमी, कुटुंबवत्सल, मनमिळाऊ' हे तेरवीच्या प्रत्येक पत्रिकेत असतं आणि त्यातून माणूस दिसत नाही. जुन्या गड्यांना विचारा: बाबा कोपऱ्यात उभे राहायचे की मध्ये? घोट्याची पकड चांगली की कमरेची? दम 'हुतूतू'चा की 'कबड्डी'चा? आईला विचारा की वर्षाची ६० दिवसांची सुट्टी कधी घ्यायचे, पेरणीला की पोळ्याला, आणि मनीऑर्डर कुणाच्या नावाने यायची. या उत्तरांतून बाप आणि नवरा दोन्ही कळतात, विशेषणं लागत नाहीत.

तिथी श्रावणात येत असेल तर श्राद्ध घरी तिथीलाच करा आणि सामने १६ डिसेंबरला, विजय दिवसाला ठेवा. सोयाबीन निघालेलं असतं. कपाशीची वेचणी चालू असते, म्हणून खेळ संध्याकाळी सहानंतर. पण रात्री दहाच्या पुढे दंव पडून माती निसरडी होते, अंतिम सामना त्याआधी आटपा. २०-५-२० चा (वीस मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटं विश्रांती) एक सामना चमूंच्या ये-जा धरून तास खातो. एका मैदानावर दोन संध्याकाळी आठ चमू, म्हणजे बाद पद्धतीने सात सामने, एवढंच झेपतं. '२२ चमू आले' याचा अभिमान पहाटे तीनला उतरतो. ५५ किलोचा गट ठेवलात तर वजन पहिल्या सामन्याआधी, एकाच काट्यावर, सगळ्यांसमोर. भांडणं तिथूनच सुरू होतात.

पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, आणि दोन्ही बाजूंची एक-एक मीटरची लॉबी, म्हणजे कडेची पट्टी, त्या दहातच येते. बहुतेक गावांत इथेच चुकतं. लॉबी बाहेर काढतात, मैदान १२ मीटर रुंद होतं, बचावाची साखळी फाकते आणि चढाई करणाऱ्याला फुकटचे गुण मिळतात. मध्यरेषेपासून निदान रेषा (चढाईत ओलांडावी लागते ती) ३.७५ मीटरवर, तिच्या एक मीटर पुढे बोनस रेषा. कोपरा काटकोनात आहे का, हे दोरीने ३-४-५ मीटरचा त्रिकोण करून बघा.

काळ्या कपाशीच्या रानात मैदान नको. वाळली की भेगा पडतात आणि पाय अडकून गुडघा जातो. मुरमाड जागेवरचे खडे वेचा, वर चाळलेली माती, कुजलेलं शेणखत आणि आरामशीनवरचा भुसा यांचा चार इंचांचा थर द्या. हिशेबाने शंभर घनफुटी पाच ट्रॉल्या होतात, दाबून बसतं म्हणून सहा मागवा. आठवडाभर आधी पाणी मारून रोलर फिरवा. रेषा फक्कीने आखा, कळीच्या चुन्याने नाही. पकडीत खेळाडू तोंडावर पडतो आणि चुना डोळ्यात गेला तर डोळा भाजतो. प्रेक्षकांच्या बल्ल्या रेषेपासून किमान तीन मीटर लांब.

बक्षिसांत एक बाबांच्या खेळातलं ठेवा. ते पकडीचे गडी असतील तर उत्कृष्ट पकडीचं. फिरत्या ढालीपेक्षा मला ते जास्त पटतं.

आणि फोटो किंवा स्मृतिफलक तिरंग्याने झाकून अनावरण करू नका. ध्वजसंहितेत ते बसत नाही. ध्वज बाजूला स्वतंत्र फडकवा, फलकावर साधं पांढरं कापड टाका.