'पाचक संप्रेरक'? नाही हो!

गॅस्ट्रिन या जठरातल्या हार्मोनला (हार्मोन म्हणजेच संप्रेरक) 'पाचक संप्रेरक' म्हटलेलं चालेल का, असा प्रश्न आलाय. नाही चालणार. हे 'पाचक हार्मोन' हल्ली इतक्यांदा कानावर येतं की वैताग येतो, काहीजण तर पेप्सिनलाही हार्मोन म्हणून मोकळे होतात. अहो, अन्नातली प्रथिनं तोडतं ते पेप्सिन, ते विकर म्हणजे एन्झाइम, आणि त्याच्या नावात आपल्या 'पच्' धातूचा ग्रीक भाऊच बसलाय. गॅस्ट्रिन अन्नाला हातही लावत नाही. जेवणाचा वास आला, घास पोटात गेला की मेंदूकडून जठराकडे येणारी वेगस नर्व्ह इशारा देते, गॅस्ट्रिन रक्तात सुटतं आणि फिरून परत जठराशीच येऊन ॲसिड वाढवायला लावतं. निरोप्या तो, त्याला पाचक कशाला म्हणायचं?

खरी मजा 'हार्मोन'मध्ये आहे. १९०२ मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या शरीरक्रियाशास्त्रज्ञांना सिक्रेटिन हे आतड्यातलं हार्मोन सापडलं, १९०५ मध्ये स्टार्लिंगने हा शब्द वापरात आणला, ग्रीक 'होर्माओ' म्हणजे चेतवणं यावरून, इथवर सगळेच सांगतात. पण त्यामागचा ग्रीक 'होर्मे' (आवेग) आला कुठून? माझ्या मते हा आपला 'सृ', सरणं, वाहणं. सुरुवातीच्या स चा ग्रीकमध्ये ह होतो, सप्तचं हेप्टा होतं तसा, आणि ऋग्वेदात 'सर्म' आहेच, वाहणं याच अर्थाचा. दुसरा पक्ष 'ऑर्-स्मा' असं मूळ रूप कल्पून शब्द 'ऋ' (जाणं, हलणं) या धातूला नेऊन चिकटवतो, म्हणजे मधल्या स चा ह झाला आणि तो उडी मारून शब्दाच्या डोक्यावर जाऊन बसला म्हणे. एवढी कसरत करायची तर कशातूनही काहीही काढता येईल!

शिवाय अर्थ बघा ना. लहान आतड्यात ॲसिड उतरलं की सिक्रेटिन सुटतं, ते स्वादुपिंडाला कामाला लावतं पण जठराचं ॲसिड उलट कमी करतं. स्निग्ध पदार्थ उतरले की कोलेसिस्टोकायनिन हे दुसरं हार्मोन पित्ताशय आवळतं आणि वेगसमार्फत जठर रिकामं होण्याचा वेग मंदावतं. ब्रेक लावणारी ही मंडळी 'प्रेरक' कसली? रक्तातून सरत मात्र सगळीच जातात, म्हणून मला सृ पटतो. (स्टार्लिंगच्या मनात चेतवणंच होतं, मान्य, पण शब्द घडवणाऱ्याला त्याचं मूळ ठाऊक असतंच असं कुठाय?)

असो, संप्रेरक रुळलाय, राहू दे, त्याच्या आधीचं 'पाचक' तेवढं काढा. आणि 'चयापचय'मध्येही पच् शोधू नका, तो चय अधिक अपचय, धातू 'चि'.