कर्नल मॉड्यूल सीपीयू ० वर चालू असताना सीपीयू ३ चा परफॉर्मन्स काउंटर (प्रोसेसरमधल्या घटना मोजणारा हार्डवेअर मोजक) थेट वाचता येतो का? (लिनक्स, एक्स८६)

नाही, थेट वाचता येत नाही: हे काउंटर प्रत्येक कोअरच्या स्वतःच्या एमएसआरमध्ये (प्रोसेसरच्या खास रजिस्टरमध्ये) असतात, आणि ते वाचणारी आरडीएमएसआर किंवा आरडीपीएमसी ही सूचना ज्या कोअरवर चालते त्याचाच आकडा देते. म्हणजे वाचणारा कोड तिकडे पाठवावा लागतो. त्यासाठी स्वतः आयपीआय (एका सीपीयूने दुसऱ्याला पाठवलेला इंटरप्ट) पाठवत बसू नका, कर्नलमधलं परफ (कामगिरी मोजणारी यंत्रणा) वापरा. परफ_इव्हेंट_क्रिएट_कर्नल_काउंटर() ला सीपीयू ३ आणि टास्क नल द्या, मग परफ_इव्हेंट_रीड_व्हॅल्यू() वापरा. आयपीआय परफ स्वतःच पाठवतं, आणि हार्डवेअर काउंटर (इंटेलवर साधारण ४८ बिट) भरून पुन्हा शून्यावर आला तरी ६४ बिटांची बेरीज बरोबर ठेवतं. सोबत एनेबल्ड (इव्हेंट चालू होता तो वेळ) आणि रनिंग (तो खरोखर मोजला गेला तो वेळ) या दोन वेळा मिळतात, त्या तपासाच. रनिंग एनेबल्डपेक्षा कमी असेल तर काउंटर अपुरे पडून इव्हेंट आळीपाळीने मोजले गेले आहेत. तेव्हा आकडा गुणिले एनेबल्ड भागिले रनिंग, हा फक्त अंदाज. एक अट मात्र कडक आहे: हे वाचणारं फंक्शन म्युटेक्स (वाट पाहायला लावू शकणारं लॉक) घेतं, त्यामुळे झोपू शकतं. इंटरप्ट हँडलरमध्ये किंवा स्पिनलॉक (धरलेला असताना झोपता येत नाही असं लॉक) धरलेला असताना ते चालवू नका.