न्यू जर्सीत वारलेल्या भावाच्या अस्थी मिळवण्यासाठी प्रोबेट कोर्टात जाता येते का?

आपला भाऊ न्यू जर्सीत वारला असून, तीन वर्षे वेगळी राहणारी आपली वहिनी अस्थी नाशिकला पाठवायला तयार नाही, तेव्हा आईवडिलांच्या वतीने प्रोबेट कोर्टात, म्हणजे मृत्युपत्र व वारशाची प्रकरणे पाहणाऱ्या कोर्टात, जाता येईल का, असे आपण विचारले आहे. जाता येते, मात्र केवळ जन्मदाते म्हणून आईवडिलांचा हक्क पुढे ठरत नाही.

अस्थी ही वारसाहक्काने मिळणारी मालमत्ता नसल्यामुळे तेथील कोर्ट मालकी नव्हे, तर अंत्यसंस्काराचा निर्णय कोणी घ्यायचा हे ठरवते. कायद्यातला क्रम असा आहे: मृत्युपत्रात या कामासाठी नेमलेली व्यक्ती, मग पती किंवा पत्नी, मग सज्ञान मुलांतील बहुसंख्य आणि त्यानंतर आईवडील. घटस्फोट झाला नसेल तर वेगळी राहणारी पत्नीही पत्नीच ठरते. म्हणून आधी मृत्युपत्र शोधा. मृत्यूनंतर 10 दिवस उलटल्याशिवाय तेथे प्रोबेट (मृत्युपत्राला अधिकृत मान्यता) मिळत नाही, पण अंत्यसंस्कारासाठी केलेली नेमणूक त्याआधीही अमलात आणता येते.

मृत्युपत्र नसले तरी कोर्टाला या क्रमापेक्षा वेगळा आदेश देता येतो, आणि तिथे भावाच्या स्वतःच्या इच्छेचा पुरावा कामाला येतो. माझ्या मावसभावाच्या वेळी आम्ही काउंटीच्या (जिल्ह्याच्या) सरोगेटच्या, म्हणजे मृत्युपत्रांचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या, खिडकीपाशी एक अख्खा दिवस घालवला. वाद असलेले प्रकरण सरोगेट ऐकत नाही, ते सुपीरियर कोर्टाच्या चॅन्सरी विभागातील प्रोबेट शाखेकडे जाते, हे आम्हाला तेव्हा कळले. आजोबांच्या अस्थी रामकुंडात सोडून आल्यावर मावसभावाने मावशीला पाठवलेला 'मलाही इथेच आणा' हा मेसेज वकिलांनी अर्जाला जोडला, आणि फ्युनरल होमला त्याच दिवशी लेखी कळवले की, आदेश येईपर्यंत अस्थी कोणाच्याही हाती देऊ नयेत. ते पत्र आपणही आजच पाठवा.

सुनावणीआधी मावसभावाच्या पत्नीने निम्म्या अस्थी देण्याचे मान्य केले. तिचेही दुःख खरे होते, म्हणून मी आपल्याला आधी हाच प्रस्ताव मांडायला सांगेन. अस्थी नेताना धातूचा कलश टाळा, कारण विमानतळावरच्या तपासणीत तो आरपार दिसत नाही. मृत्यूचा आणि दहनाचा दाखला तसेच भावाचा पासपोर्ट घेऊन न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडून ना हरकत पत्र घ्या.