हाताखाली कोणी नाही, रोज तेच काम, मग यात लीडरशिप कसली आणि अर्थ कुठे शोधायचा?

तुम्ही लिहिलंय की 8 वर्षं इनवर्ड-आउटवर्डच्या टेबलावर बसताय, हाताखाली एक माणूस नाही, ऑफिसने लीडरशिपच्या ट्रेनिंगला पाठवलं आणि तिथून परत आल्यावर उलट जास्तच रिकामं वाटायला लागलं, की शिक्के मारणाऱ्याने लीड करायचं तरी कुणाला. प्रश्न दोनदा वाचला. ट्रेनिंगमध्ये काय शिकवतात ते मला माहीत नाही, पण मी हे ज्यांच्याकडे बघून शिकले त्यांच्याबद्दल सांगते, जरा लांबेल.

माझं माहेर गोव्यातल्या चोडणचं, रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे. तिथे आमची खाजन शेती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शेतं एवढी सखल की भरतीचं पाणी त्यांच्या वर चढतं, भोवती मातीचा बांध आणि बांधाच्या पलीकडे खारं पाणी. बांधात एका जागी मानस असते, चिऱ्यांनी बांधलेली, लाकडी दारांची. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दारं आपोआप लागतात आणि सुकती लागली की आतलं पाणी ती ढकलून बाहेर निघून जातं, दिवसातून दोनदा, कुणी हात न लावता. पण बांधाला मात्र हात लावावाच लागतो कारण कुर्ल्या, म्हणजे खेकडे, त्यात बिळं करतात. अंगठ्याएवढं बीळ दोन उधाणांत एवढं मोठं होतं की बांध फुटतो, आणि एकदा खारं पाणी शेतात शिरलं की दोन-तीन पावसाळे जातात ते मीठ धुऊन जायला. कोरगुट भात थोडं खारेपण सोसतं, पण त्यालाही मर्यादा आहेच.

बाबा साधे कूळ. बांध बघायचा त्यांना कुणी पगार देत नव्हतं आणि गावातल्या कुठल्या कमिटीवरही ते नव्हते. पण अमावस्येला आणि पुनवेला, पाणी सगळ्यात जास्त चढतं त्या दिवसांत, पहाटे टॉर्च आणि कुदळ घेऊन निघायचे. मला दोन-तीनदा नेलं होतं. बांधाच्या आतल्या अंगाला ओल दिसली की उकिडवे बसायचे, झिरपणारं पाणी ओंजळीत धरायचे आणि मला म्हणायचे टॉर्च मार. पाणी नितळ दिसलं तर अजून सवड आहे, गढूळ दिसलं तर बांधाची माती आतून वाहून चाललीय, म्हणजे हे काम उद्यावर टाकायचं नाही. मग बीळ शोधून त्यात चिखल आणि पेंढा कोंबायचे, पायाने दाबायचे आणि बाजूला एक काठी रोवून तिला लाल चिंधी बांधायचे. का, तर एका भरतीनंतर चिखल खाली बसतो, परत भरावा लागतो, जागा चुकू नये. काठी त्यांच्या स्वतःसाठी होती.

पण बांधावरून जाणारे बघत होते. हळूहळू असं व्हायला लागलं की काठी दिसली की कोणी ना कोणी पाटीभर चिखल टाकून पुढे जायचं. ज्यांच्याशी आमचं माडांच्या हद्दीवरून बोलणं बंद होतं तेसुद्धा. बाबांनी कधी मीटिंग घेतली नाही की काठी दिसली तर चिखल टाका असं कुणाला सांगितलं नाही. एका जुलैत पहाटे भिजून घरी आले, पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पाव चहात बुडवत आईला म्हणाले, आज दोन काठ्या माझ्या नव्हत्या. एवढंच बोलले, पण त्यांचा तो चेहरा मला अजून दिसतो.

आता माझं काम. मी एका आरोग्य केंद्रात फार्मासिस्ट आहे, 14 वर्षं झाली. लसींचा फ्रिज, म्हणजे आयएलआर, माझ्याकडे असतो. तो 2 ते 8 डिग्रीत राहायला हवा आणि दिवसातून दोनदा थर्मामीटर बघून आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा, रविवार असो की चवथ. याहून कंटाळवाणं काम नसेल. आधी मी जिथे होते तिथलं रजिस्टर उघडलं तर महिनाभर सगळीकडे 4, 4, 4, आणि शुक्रवारी बघते तर शनिवार-रविवारचेही आकडे भरलेले. मला फार वाईट वाटलं. कुणाशी भांडले नाही, मी फक्त खरं दिसेल ते लिहायला लागले, 5.5, 3, 6.2, आणि जास्त-कमी का झालं ते बाजूला एका ओळीत, लाइट गेली, झाकण उघडं राहिलं असं.

आणि एका सकाळी शून्याच्या खाली. उन्हाळ्यात कुणीतरी जास्त थंडीसाठी थर्मोस्टॅट वाढवून ठेवला होता, पाऊस लागल्यावर कमी करायचा राहिला. पोलिओच्या थेंबांना गोठल्याने काही होत नाही पण पेंटा, हेपॅटायटिस बी, टीडी या लसी एकदा गोठल्या की गेल्या, परत वितळल्यावर वरून पटकन कळतही नाही, बाळाला टोचाल आणि घरचे समजतील की झालं, मूल सुरक्षित आहे. त्या दिवशी मी शांत बसले नाही. डॉक्टरांना सांगितलं की हा स्टॉक वापरायचा नाही, ते चिडले, वर काय कळवायचं म्हणाले, मी म्हटलं मी लिहून देते. दिलं. आवाज न चढवता काम करणं आणि तोंड बंद ठेवणं यात लोक गल्लत करतात म्हणून हे मुद्दाम सांगतेय, बाबांनाही गढूळ पाणी दिसलं की ते घरोघर जाऊन लोकांना उठवायचे.

नंतर मी आत्ताच्या केंद्रात आले. 16 मे 2021, तौते चक्रीवादळ आलं तो रविवार होता, झाडं पडून आमचा रस्ता बंद, लाइट नाही, आणि फ्रिजमध्ये कोविडच्या लसी. मी दुपारी कशीबशी पोचले तर झाकणावर चिकटपट्टीने कागद लावलेला, उघडू नका, लाइट गेली पहाटे एवढ्या वाजता, आणि खाली तासातासाचे आकडे बाहेरच्या डिस्प्लेवरून बघून लिहिलेले. आयएलआर बंद ठेवला तर लाइट नसतानाही बरेच तास थंडी धरून ठेवतो, सगळं झाकण न उघडण्यावर असतं. ते लिहिणारी मुलगी आमच्याकडे येऊन तीन महिनेही झाले नव्हते, मी तिला हे कधी बसून शिकवलं नव्हतं. रजिस्टर मात्र ती रोज बघायची. मी तिथेच खुर्चीवर बसले आणि मला रडू आलं.

तुमच्या टेबलाबद्दल एवढंच सांगते. दयानंद सामाजिक सुरक्षेचा, म्हणजे गोवा सरकारच्या पेन्शनचा, अर्ज देऊन आलेल्या म्हाताऱ्या बाईला तुमचा इनवर्ड नंबर हाच आधार असतो, तिच्याकडे दुसरा कसलाच पुरावा नसतो. माझी मावशी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवाच्या फोटोमागे ठेवायची. एखाद्या दिवशी काउंटरपाशी उभं राहून बघा लोक तो कागद कसा धरतात, आणि तारीख नंबर स्वच्छ, वाचता येईल असा घाला, घाईच्या दिवशीसुद्धा. बाजूच्या टेबलावरचा कोणीतरी बघत असेल, नसेलही, माझं रजिस्टर कोणी बघतं हे मला कळायला वर्षं लागली.

बाबा आता 79 चे आहेत, गुडघ्यांमुळे बांधावर जाणं बंद झालंय. दर पुनवेला भाऊ फेरी मारून आला की विचारतात काठ्या किती दिसल्या. परवा त्याने तीन सांगितल्या, तर म्हणाले, मानशीच्या बाजूला नीट बघितलंस ना?