फुटेज पुसले गेले. पण लेखी मागितले कधी होते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका मोर्चाच्या वेळी चौकात दगडफेक झाली आणि त्या चौकातल्या पोलिसांच्या कॅमेऱ्यात तुम्ही दिसलात, म्हणून सुमारे साडेचार महिन्यांपूर्वी तुम्हाला पोलीस ठाण्यात हजर राहण्याची नोटीस आली. तुमच्या म्हणण्यानुसार तुम्ही मोर्चात नव्हता, बसची वाट पाहत उभे होता. ठाण्यात तुम्हाला चित्रणातल्या एकाच क्षणाची छापील प्रत दाखवली गेली, तिच्यावर तुमच्या डोक्याभोवती लाल पेनाने वर्तुळ काढलेले होते, आणि मागच्या बाजूला ‘फोटोतील इसम मीच आहे’ असे लिहून तुमची सही घेतली गेली. पूर्ण चित्रण दाखवा, असे तुम्ही तोंडी म्हणालात. त्यानंतर तीन महिने गप्प बसून तुम्ही माहिती अधिकारात अर्ज केला. गेल्या आठवड्यात उत्तर आले की चित्रण ३० दिवसांनी आपोआप पुसले जाते, सबब ते उपलब्ध नाही. आता तुम्ही विचारता की खासगीपणा हा मूलभूत हक्क असताना हे कसे चालते, आणि चौकातले कॅमेरे काढायला लावण्यासाठी उच्च न्यायालयात जाता येईल का.

या धर्तीची पत्रे आता वरचेवर येतात आणि त्यांतली बहुतेक ‘उपलब्ध नाही’ हे उत्तर हातात पडल्यानंतरच येतात. खासगीपणाच्या हक्काविषयी तुम्ही जे लिहिले आहे ते बरोबर आहे, परंतु आज तुमच्या कामाचे नाही. तुमच्या प्रकरणाचा निकाल त्या हक्कावर लागणार नसून कोणते चित्रण किती दिवस टिकते आणि ते टिकून असताना ते जपून ठेवण्याची लेखी मागणी कोणी केली, यावर लागणार आहे. तोंडी मागणीला कागदोपत्री अस्तित्व नसते. त्याच दिवशी दोन ओळींचा अर्ज देऊन आवक शिक्क्याची पोच घेतली असती, तर आज पुढचे काहीच लिहावे लागले नसते.

चौकातल्या कॅमेऱ्याचे चित्रण ज्या डिस्कवर साठते, ती भरली की यंत्र सर्वांत जुन्या चित्रणावर नवे चित्रण लिहू लागते. त्यासाठी कोणाला काही पुसावे लागत नाही, काही न केले तरी ते जातेच. माहिती अधिकारात उत्तर देण्यासाठीची मुदतही ३० दिवसांचीच आहे, त्यामुळे घटनेच्या दुसऱ्या दिवशी अर्ज केला तरी उत्तर येईपर्यंत चित्रण गेलेले असू शकते. व्यक्तीच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी, अशी तरतूद कलम ७(१) मध्ये आहे, पण अर्जदार ती क्वचितच वापरतात आणि वापरली तरी ती आपल्याला लागू होते हे पटवून देण्याची तोशीस त्यांनाच पडते. शिवाय तपासाला बाधा येईल, हे कलम ८(१)(ज) मधले कारण तयार असतेच. म्हणून फुटेज वाचवण्याचे साधन म्हणून माहिती अधिकाराकडे पाहूच नये. त्याचा खरा उपयोग वेगळा आहे, तो पुढे सांगतो.

ज्या गोष्टीकडे तुम्ही दुर्लक्ष केले आहे, ती तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर आहे. सही घेतली तेव्हा ‘वर भिंतीवर कॅमेरा होता’ असे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. परमवीर सिंह सैनी विरुद्ध बलजित सिंह या प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात प्रवेशद्वार, कोठडी, मार्गिका आणि अधिकाऱ्यांच्या खोल्यांसह सर्वत्र कॅमेरे बसवण्याचा, त्यांत आवाजही मुद्रित होण्याचा आणि ते चित्रण १८ महिने, यंत्राची क्षमता तेवढी नसेल तर कोणत्याही परिस्थितीत एक वर्षापेक्षा कमी नाही इतका काळ जपण्याचा आदेश दिला आहे. पुष्कळ वाचक हा १८ महिन्यांचा नियम रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांना लावू पाहतात. तो त्यांना लागू नाही. मात्र तुमच्या सहीच्या दिवसाला तो लागू आहे, आणि त्याला अजून पाच महिनेही झालेले नाहीत. तुम्ही चौकातले पूर्ण चित्रण मागितले होते का, त्यावर काय उत्तर मिळाले, छापील प्रतीच्या मागचा मजकूर कोणी सांगितला, हे सगळे त्या मुद्रणात असले पाहिजे. तुमच्या हातात असा हा एकच पुरावा उरला आहे, आणि ज्याने तीन महिने वाया घालवले त्याने त्यातला आणखी एक आठवडाही घालवू नये.

तेव्हा तारीख, ठाण्यात शिरल्याची व बाहेर पडल्याची अंदाजे वेळ आणि खोलीचे वर्णन लिहून, त्या काळातले चित्रण व ध्वनी स्वतंत्र माध्यमावर काढून जतन करावे, असा अर्ज ठाणे प्रमुखांना द्या. त्याची प्रत पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना आणि याच निकालाने नेमायला सांगितलेल्या जिल्हास्तरीय देखरेख समितीला पाठवा. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. पोच नाकारली तर त्याच दिवशी नोंदणीकृत टपालाने पाठवा. ‘त्या दिवशी कॅमेरा बंद होता’ असे उत्तर येण्याची शक्यता बरीच आहे. ठाण्यांतल्या बंद कॅमेऱ्यांची दखल सर्वोच्च न्यायालयाला २०२५ च्या सप्टेंबरमध्ये स्वतःहून घ्यावी लागली, यावरून पाच वर्षांत अंमलबजावणी कुठवर आली ते समजावे. पण कॅमेरा बिघडला तर ठाणे प्रमुखाने समितीला तात्काळ कळवावे, असेही तोच निकाल सांगतो. म्हणून तसे उत्तर आल्यास त्या कळवल्याच्या पत्राची प्रत मागा. ते पत्र नसेल, तर अडचण तुमची राहत नाही.

त्याचबरोबर दंडाधिकाऱ्यांसमोर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या) कलम ९४ खाली, म्हणजे दस्तऐवज किंवा वस्तू हजर करण्याचा आदेश मागणारा, अर्ज करा. येथे मी हात राखून लिहितो. आरोपीला बचावाच्या टप्प्याआधी असा अर्ज सहसा करता येत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने देबेंद्रनाथ पाढी प्रकरणात २००५ पूर्वीच घेतली आहे आणि सरकारी वकील तीच पुढे करतील. त्यामुळे मागणी चित्रण पाहण्याची न करता केवळ जतन करण्याची करावी. ती मान्य होण्याची शक्यता अधिक आहे. हमी मात्र देता येत नाही. अर्ज सुनावणीला येण्यासच किती तारखा लागतील हेही कोणी सांगू शकत नाही, म्हणून ठाण्यातला लेखी अर्ज आधी द्यावा, न्यायालयाची वाट पाहत बसू नये.

आता लाल वर्तुळाच्या त्या कागदाविषयी. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सांगणाऱ्याची सही घेऊ नये, असे संहितेचे कलम १८१ सांगते. सुशिक्षित माणसे समोर येईल त्या कागदावर सही का करतात, हे मला इतक्या वर्षांत उमगलेले नाही. त्या ओळीचा पुरावा म्हणून किती उपयोग होईल यावर वाद घालता येईल आणि तो तुमच्या वकिलांनी घालावा. तुम्ही चौकात होता हे तुम्हीही नाकारत नाही, त्यामुळे ती सही वाटते तितकी घातक नसावी.

अधिक महत्त्वाचे हे की ती प्रत कुठून तरी काढली गेली आहे. एक क्षण छापण्याआधी कोणीतरी मूळ यंत्रातून चित्रणाचा काही भाग काढून घेतला असणार, आणि तो भाग मूळ चित्रणाबरोबर पुसला गेलेला नाही. न्यायालयात त्याचा वापर करायचा तर नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चे प्रमाणपत्र लागते. जुन्या कायद्यातल्या अशाच प्रमाणपत्राची सक्ती अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात २०२० साली कायम झाली होती. प्रमाणपत्राच्या नव्या नमुन्यात त्या फाइलचे हॅश मूल्य द्यावे लागते, म्हणजे एक असा आकडा, जो फाइलमध्ये किंचितही बदल झाला तर बदलतो. दोषारोपपत्र दाखल झाले आणि त्यात या चित्रणाचा आधार घेतला असेल, तर त्याची प्रत मिळणे हा तुमचा हक्क आहे. मेमरी कार्डातला मजकूर हा ‘दस्तऐवज’ ठरतो, असे २०१९ साली पी. गोपालकृष्णन विरुद्ध केरळ राज्य या प्रकरणात ठरले आहे, अर्थात पीडितेच्या खासगीपणाचा प्रश्न असेल तिथे केवळ पाहू देण्याची मुभा न्यायालयाने ठेवली. तुमच्या प्रकरणात तसे काही दिसत नाही.

पोलिसांनी सगळे चित्रण हाताशी असताना सोयीचा तेवढाच तुकडा ठेवला असेल, तर उरलेले त्यांच्या विरुद्ध गेले असते असा निष्कर्ष न्यायालय काढू शकते. तोमासो ब्रुनो प्रकरणात वाराणसीच्या हॉटेलचे चित्रण पुढे न आणल्याचा फायदा आरोपींना २०१५ साली मिळाला. ‘काढू शकते’ हे शब्द नीट वाचावेत. तुमची तोंडी मागणी सिद्ध झाली नाही, तर ‘मागितले असते तर दिले असते’ एवढे एक वाक्य त्या युक्तिवादाची धार घालवील, आणि म्हणूनच मी ठाण्यातल्या मुद्रणाविषयी इतके लिहिले.

माहिती अधिकाराचे उत्तर येऊन आठवडा झाला आहे. प्रथम अपिलाला ३० दिवस मिळतात, ते करा. पण त्याबरोबर नवा अर्जही करा, कारण अपिलात नव्या गोष्टी मागता येत नाहीत. त्या अर्जात पुसले गेलेले चित्रण मागू नका. चित्रण ३० दिवस ठेवण्याचा आदेश कोणत्या तारखेचा व कोणाच्या सहीचा, आणि घटनेच्या दिवसाचे चित्रण यंत्रातून कधी, किती मिनिटांचे व कोणत्या नोंदीने काढले गेले, एवढेच विचारा. असे कागद आपोआप पुसले जात नाहीत.

कॅमेरे हटवण्याच्या याचिकेविषयी थोडेच लिहितो. पोलिसांची रात्रीअपरात्रीची घरभेट घटनाबाह्य, पण माणसाच्या हालचालींवर पाळत ठेवण्यात मूलभूत हक्काचा भंग नाही, असे खडकसिंह प्रकरणात १९६२ साली ठरले होते. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा मूलभूत हक्क नाही हे खडकसिंह निकालातले मत रद्द केले आणि माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून खासगीपणा गमावत नाही, हेही मान्य झाले. शासनाला कायद्याचा आधार, योग्य हेतू आणि प्रमाणबद्धता, म्हणजे हेतूला लागते त्यापेक्षा जास्त हस्तक्षेप नाही हे, दाखवावे लागेल. दुसरीकडे, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने गुन्ह्यांचा प्रतिबंध व तपास यांसाठी कलम १७ मध्ये मोठी सूट ठेवली आहे. चौकातल्या कॅमेऱ्याला कोणत्या कायद्याचा आधार आहे, हा प्रश्न लढण्याजोगा आहे, पण तो एखाद्या संघटनेने, पूर्ण अभ्यासानिशी लढावा. आज तुमच्यावर गुन्ह्याची टांगती तलवार असताना तुमच्या नावाने ती याचिका गेली, तर तिच्याकडे तपास टाळण्याची खटपट म्हणून पाहिले जाईल.

हजर राहण्याची आणखी नोटीस आली तर जरूर हजर राहा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मधील नोटिशीचे पालन करणाऱ्याला कारणे नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही आणि हे संरक्षण गैरहजेरीने जाते. जाताना वकिलांना बरोबर न्या, नोटिशीच्या प्रतीवर हजेरीची वेळ लिहून घ्या, आणि कोणत्याही छायाचित्राच्या मागे काही लिहून देऊ नका.