३एफ का नसतं?

प्रश्न : सरावपत्रिकेत क्वांटम अंकांचा (अणूतल्या इलेक्ट्रॉनची स्थिती सांगणारे चार अंक) एन = ३, एल = ३, एम = −२, एस = +१/२ हा संच अवैध म्हटलाय. का?
— अकरावीची विद्यार्थिनी, महाल, नागपूर

उत्तर : घोटाळा एलपाशीच आहे. एन म्हणजे कवच, एल म्हणजे त्यातलं उपकवच. एल शून्यापासून एन वजा एकपर्यंतच जातो. एन ३ असेल तर ०, १ किंवा २. एल = ३ च्या उपकवचालाच एफ म्हणतात. म्हणून ३एफ नसतंच, एफ उघडतं एन = ४ पासून. पुढचे अंक बघायचीही गरज नाही. एम (कक्षकाची दिशा) −एल ते +एल, शून्य धरून. एस (इलेक्ट्रॉनची फिरकी) फक्त +१/२ किंवा −१/२. उणे चिन्ह दिसलं की मुलं उगाच फुली मारतात! ४, २, −२, −१/२ बिनचूक आहे. मात्र वैध संचही एका अणूत एकाच इलेक्ट्रॉनला मिळतो (भौतिकशास्त्रज्ञ पाउलीचा नियम, १९२५). म्हणून ३डीत (एल = २) एमच्या पाच किमती, प्रत्येकीला एसच्या दोन, इलेक्ट्रॉन जास्तीत जास्त दहा.